पुंडलिक नावाचा अर्थ खरंच कमळ आहे का?

पूर्णाकाठ
मंडळी, पुतण्याला मुलगा झाला. नक्षत्र हस्त, पहिला चरण, अक्षर निघालं 'पू'. आता 'पू' वरून नावं आठवून आठवून किती आठवणार? पुरुषोत्तम, पुष्कर, पूर्णचंद्र, आणि आमच्या घरात आधीच असलेलं एक, पुंडलिक. हे बाळाच्या पणजोबांचं नाव. आमच्याकडे अकोला-बुलडाण्याच्या पट्ट्यात आजा-पणजाचं नाव घरात परत आणायची रीत आहे, त्यामुळे म्हाताऱ्या मंडळींचं ठरलंच होतं.

सूनबाई शिकलेली आहे, तोंडावर नाही म्हणाली नाही. तिने मोबाईलवर नावांची एक साईट उघडून दाखवली. पुंडलिक : अर्थ कमळ. म्हणाली, "काकाजी, कमळच ठेवायचं तर पंकज काय वाईट?" यावर कोणाला उत्तर सुचलं नाही. मलाही नाही.

म्हणून इथे विचारतो. कमळ हा अर्थ कुठून आला? आमच्या गावात साठीच्या पुढचे पुंडलिक चावडीवर हाक मारली तर दोन-तीन तरी वळून पाहतील, आणि शाळेच्या हजेरीत एकही नाही. गावातला एक जण तर छातीठोक सांगतो की हे 'पुंड' वरून आलं, म्हणजे दांडगट. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शब्दखोड
मूळ संस्कृत शब्द पुंडरीक. अमरकोशात पांढऱ्या कमळाला पुंडरीक म्हटलं आहे आणि तांबड्याला कोकनद. म्हणजे साईटने सांगितलेला अर्थ खोटा नाही, फक्त 'पांढरं' गाळलंय. विष्णूचं पुंडरीकाक्ष हे नाव यावरूनच. पूजेआधी अंगावर पाणी शिंपडताना म्हणतात त्या श्लोकात तो आहे.

पण त्या शब्दाला इतरही अर्थ आहेत. आठ दिशांचे आठ हत्ती मानलेत, त्यात पूर्वेचा ऐरावत आणि त्याच्या शेजारचा, आग्नेय दिशेचा, पुंडरीक. शिवाय संस्कृत कोशांत पुंडरीक म्हणजे वाघ असाही अर्थ दिलेला आहे.

ताडोबा बफर
वाघ??? अन् हे आता सांगता राजेहो! आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात हे आधी मालूम असतं तं एकही पोट्ट्याचं नाव आर्यन नसतं ठेवलं. पूर्णाकाठ भाऊ, सूनबाईले सांगा, कमय नाही, वाघ हाये वाघ.

पूर्णाकाठ
सांगितलं. ती म्हणाली वाघाचं नाव पुंडलिक कोण ठेवतं. :)

शब्दखोड
कालिदासाने ठेवलं असतं. रघुवंशाच्या अठराव्या सर्गात रामानंतरच्या राजांची भराभर यादी येते. अतिथीचा मुलगा निषध, मग नल, नभ, आणि नभाचा मुलगा पुंडरीक. बाकी राजांना तो एकेक-दोनदोन श्लोकांत उरकतो, पण इथे त्याला खेळायची लहर येते. एकाच श्लोकात पुंडरीक शब्द चार वेळा : हत्तींमध्ये जसा पुंडरीक, तसा राजांमध्ये हा पुंडरीक अजिंक्य, आणि हातात पुंडरीक घेतलेली लक्ष्मी पुंडरीकाक्षाकडे जावी तशी याच्याकडे आली. दिग्गज, राजा, कमळ, विष्णू. नाव म्हणून हा शब्द किती जुना आणि किती प्रतिष्ठेचा होता ते यावरून कळतं. श्वेतांबर जैन परंपरेतही पहिल्या तीर्थंकरांचे, ऋषभदेवांचे, पहिले गणधर (म्हणजे पट्टशिष्य) पुंडरीकच.

सोयाबीन तूर
हे सगळं बराबर असन सर, पन आमच्या बुढ्यानं माह्या मोठ्या भावाचं नाव पुंडलिक ठेवलं तवा त्याले ना कमय ठाऊक होतं ना कालिदास. भाऊ आषाढी एकादशीले झाला. बस. एकादशीले पोरगा झाला तं पुंडलिक, पांडुरंग नाही तं विठ्ठल. पोरगी झाली तं रुखमा. सोमवारचा सोमा, बुधवारचा बुधा, शुक्रवारचा शुक्रा. पोरं वाचत नसली तं दगडू, धोंडू, उकंडा. अन् नाकात नथ घातली का नत्थू. नावाचा अर्थ पाह्याची भानगडच नोती. नाव कायच्यानं पडलं ते पाह्यत.

आता तुमीच सांगा, गावच्या पंगतीत पत्राया मांडल्या, रोडगे अन् वांग्याची भाजी वाढून झाली, अन् बुढा माणूस वरडला 'बोला पुंडलिक वरदे' तं कोनाच्या डोयापुढं कमय येते?

पूर्णाकाठ
हे मनापासून पटलं. पण तरी तो 'र' चा 'ल' कसा झाला ते कोणी सांगेल का? पुंडरीकचं पुंडलिक?

शब्दखोड
मराठीत हे नवं नाही. हरिद्रेची हळद झाली, दरिद्राचं दळिद्र झालं, चत्वारिंशतचे चाळीस झाले. पण नीट बघा, या तिन्ही ठिकाणी 'र' चा 'ळ' झालाय, 'ल' नाही. जे शब्द प्राकृतातून पिढ्यानपिढ्या लोकांच्या तोंडी घासत आले, त्यांत दोन स्वरांच्या मधला एकटा ल मराठीत ळ होतो. म्हणजे हे नाव त्याच वाटेने आलं असतं तर 'पुंडळीक' व्हायला हवं होतं. आणि वऱ्हाडात ळ चा य होतो (वर सोयाबीन तूर आणि ताडोबा बफर दोघांनीही कमय लिहिलंच आहे), म्हणजे तुमच्याकडे 'पुंडयीक' म्हटलं गेलं असतं.

तसं कोणी म्हणत नाही. वऱ्हाडात तोंडी बोलतानाही स्वच्छ पुंडलिकच. त्यावरून मला वाटतं, हा शब्द शेतातून-बाजारातून घरंगळत आलेला नाही, कीर्तनातून आणि अभंगातून आला आहे. देवळातल्या उच्चाराने त्याचा ल जपला.

सोयाबीन तूर
पुंडयीक! माह्या भावाले आजपासून हेच म्हनतो.

खोडकिडा
शब्दखोड यांचं सगळं मान्य, पण लोकांच्या मनात जे आहे ते उगीच नसतं. पुंड म्हणजे दांडगा, बंडखोर. पुंडपाळेगार, पुंडाई हे शब्द मराठीत आहेतच. गोष्टीतला पुंडलिक आधी कसा होता? आईबापांना छळणारा. म्हणजे पुंडच. नंतर सुधारला. तेव्हा नाव 'पुंड' वरूनच पडलं असणार. इतकं सरळ आहे.

शब्दखोड
सरळ आहे म्हणूनच शंका घ्यावी. 'पुंड' वेगळा काढला तर मागे जो 'लिक' उरतो त्याचं काय करणार? मराठीत असा प्रत्यय लागून झालेलं दुसरं एखादं नाव सांगा. उलट पुंडरीक हे पूर्ण नाव गोष्टीच्या कितीतरी आधीपासून आहे.

मात्र पूर्णाकाठ यांच्या गावच्या माणसाला एकटं पाडू नये. तुकोबांनी एका अभंगात पुंडलिकाला सरळ 'पुंड्या' म्हणून झापलं आहे, मातलास का, विठ्ठलाला उभं केलंस, वर वीट भिरकावलीस! तिथे नावाचं लाडकं रूप आणि 'पुंड' चा अर्थ दोन्ही एकत्र वाजतात. कवीने केलेली ती गंमत आहे. तिला व्युत्पत्ती समजू नका एवढंच.

अवांतर : पुंड्या ऊस हा मात्र वेगळाच. तो संस्कृतातल्या पुंड्र, पौंड्र या उसाच्या नावावरून.

खोडकिडा
बघा, शेवटी 'दोन्ही एकत्र वाजतात' असं तुम्हीच लिहिलंत. माझं तेच म्हणणं होतं.

वाळवंट
इथे थोडा इतिहास घालतो, कारण कमळाच्या प्रश्नाचं उत्तर पंढरपुरात वेगळंच निघतं.

१२३७ च्या शिलालेखात होयसळ राजा सोमेश्वराने विठ्ठलाच्या नैवेद्यासाठी गाव दिल्याची नोंद आहे. पंढरपूरचं जुनं कन्नड वळणाचं नाव पंडरगे. मग १२४९ चा यादव राजा कृष्णाचा ताम्रपट येतो, त्यात भीमरथीच्या, म्हणजे भीमेच्या, काठच्या या जागेला 'पौंडरीक क्षेत्र' म्हटलं आहे. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० मध्ये. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या जन्माआधीच पुंडरीकाचं नाव त्या गावाला चिकटलेलं होतं.

आता प्रश्न असा की आधी माणूस की आधी गाव? रा. गो. भांडारकरांनी पुंडलिक ही खरी व्यक्ती, विठ्ठलभक्तीचा पंथ सुरू करणारा, असं मानलं. पुढच्या काही अभ्यासकांनी ते अमान्य केलं. त्यांचा रोख असा की पंडरगे या स्थानिक नावाला संस्कृतात बसवताना जवळचा शब्द सापडला पौंडरीक, आणि पौंडरीक म्हटल्यावर एक पुंडरीक हवाच, म्हणून गोष्ट घडली. रा. चिं. ढेऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे बोट दाखवलं. चंद्रभागेच्या वाळवंटातलं पुंडलिकाचं देऊळ बघा. आत शिवलिंग आहे. त्यामुळे तिथे मुळात पुंडरीकेश्वर शिव असावा, या दिशेने त्यांची मांडणी जाते.

हे खरं धरलं तर गंमत अशी की गावाच्या नावावरून माणसाचं नाव आलं, माणसाच्या नावात कमळ होतं ते फक्त संस्कृत पंडितांच्या सोयीने. म्हणजे तुमच्या सूनबाईंच्या साईटवरचं कमळ कोणीच लावलेलं नाही, ते कन्नड शब्दाच्या उच्चारातून उगवलंय.

टाळकरी
वाळवंट, तुमचा अभ्यास असेल, पण असं सरळ 'गोष्ट घडली' म्हणून मोकळं होऊ नका. लाखो लोक त्या विटेवर डोकं ठेवायला जातात. पुंडलिक नव्हताच म्हटलं तर विठ्ठल कोणासाठी थांबला?

वाळवंट
टाळकरी, मी दोन्ही बाजू लिहिल्या आहेत, निकाल दिलेला नाही. आणि वारीत पुंडलिकाचा मान कोणी कमी करत नाही. चंद्रभागेत स्नान झालं की आधी त्याचं दर्शन, मग नामदेव पायरी, मग विठ्ठल. देऊळ पात्रातच असल्याने पुराच्या दिवसांत ते पाण्याखाली जातं. तिथली पूजा कोळी समाजाकडे आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. जयघोषातसुद्धा देवाची ओळख भक्ताच्या नावाने करून दिली आहे, पुंडलिकाला वर देणारा तो हरी विठ्ठल. आधी माणूस, मग देव.

निळी पहाट
थोडं वेगळं सांगते. आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या गावी बौद्ध वस्तीतही आजोबांच्या पिढीत पुंडलिक, नामदेव, तुकाराम, विठोबा हीच नावं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर जन्मलेली मुलं सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, आनंद झाली. ज्यांचं नाव आधीच पुंडलिक होतं त्यांनी बहुतेकांनी ते बदललं नाही. त्यामुळे आमच्याकडे एकाच घरात पुंडलिक बाप आणि मिलिंद मुलगा अशी जोडी सर्रास दिसते. घरांवरची पाटी वाचून पिढी ओळखता येते.

आता गंमत ऐका. पाली सुत्तांमध्ये कमळाचे तीन प्रकार एका दमात येतात : उप्पल, पदुम, पुंडरीक. जसं हे पाण्यात जन्मतं, पाण्यात वाढतं आणि पाण्याला न चिकटता वर उभं राहतं, तसा मी जगात राहून जगाने न लिंपलेला, असं बुद्ध सांगतात. महायानातल्या एका मोठ्या सूत्राचं नावच सद्धर्मपुंडरीक. म्हणजे आजोबांनी जे नाव 'जुनं' म्हणून ठेवून दिलं, ते त्यांच्या नव्या वाटेवरही परकं नव्हतं. आजोबा हयात असताना हे मला माहीत असतं तर त्यांना सांगितलं असतं.

शब्दखोड
निळी पहाट, उत्तम प्रतिसाद. इथे कमळ हा अर्थ खरोखर जिवंत आहे. वारकऱ्यांच्या पुंडलिकात तो झोपलेला आहे.

माहेर कौंडण्यपूर
मी तिवसा तालुक्यातली. आमचं कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर, वर्धा नदीच्या काठी. तिथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते ती १५९४ पासून, असं परंपरा सांगते. त्यामुळे आमच्याकडे लहानपणापासून पुंडलिकाची गोष्ट जावयाच्या गावची म्हणूनच ऐकलेली.

मला त्या गोष्टीबद्दल एक बोलायचंय, नावाशी संबंध आहे म्हणून. बाप जानुदेव, आई सत्यवती. लग्न होईपर्यंत पोरगा बरा. लग्न झालं आणि बिघडला, बायकोच्या नादी लागला. काशीला निघाले तेव्हा म्हणे नवरा-बायको घोड्यावर आणि म्हातारा-म्हातारी पायी. मग वाटेत कुक्कुट ऋषींचा आश्रम लागला. पहाटे मळक्या कपड्यांच्या बाया आल्या, आश्रम झाडला, सेवा केली आणि लख्ख होऊन निघाल्या. त्या गंगा, यमुना, सरस्वती. लोकांची पापं धुऊन मळलेल्या. त्यांच्याकडून याला अक्कल आली. मग घरी येऊन आईबापांचे पाय चेपायला लागला आणि देव दारात आला तर वीट फेकून म्हणाला थांब.

बिघडला बायकोमुळे आणि सुधारला स्वतःच्या गुणांनी, असं कीर्तनात ऐकलं की आम्ही बाया एकमेकींकडे बघतो. नंतर सासू-सासऱ्यांचं पथ्यपाणी त्या घरात कोण करत होतं ते कोणी सांगत नाही. पूर्णाकाठ, सूनबाईला नाव नको असेल तर तिच्या मनात कमळाऐवजी हीच गोष्ट असू शकते. जरा विचारून पहा.

सोयाबीन तूर
ताई लय बराबर बोलल्या. माह्या वहिनीले विचाराले पायजे, पुंडलिकाची बायको होनं कसं असते ते.

पूर्णाकाठ
विचारलं. सूनबाई हसली आणि म्हणाली, "तसं काही नाही, पण शाळेत पोरं पुंड्या म्हणतील." तुकोबांचा अभंग ऐकवला, फार उपयोग झाला नाही.

एक विचारतो, आमच्या पट्ट्यात हे नाव इतकं जास्त का? पंढरपूर तर केवढं लांब. पूर्वी आमच्या गावातून पायी वारीला जाणारे मोजकेच.

वाळवंट
पंढरपूर लांब होतं म्हणून पंढरपूर जवळ आणलं गेलं. कळमेश्वर तालुक्यातलं धापेवाडा बघा, विठ्ठलाचं देऊळ आणि कोलबास्वामींचं ठाणं. गावाजवळच्या नदीचं नावही चंद्रभागाच. तिला विदर्भाची पंढरी म्हणतात. ज्यांना भीमेपर्यंत जाणं परवडत नव्हतं ते इथे जायचे. देव आला, नदी आली, तर भक्ताचं नाव मागे कसं राहील?

शेगाववाला
विदर्भाची पंढरी म्हणजे शेगाव, हे लहान पोरालाही माहीत आहे. :)

आणि नावाचंच बोलायचं तर गजानन महाराजांचा एक लाडका भक्त पुंडलिक होता, अकोट तालुक्यातल्या मुंडगावचा पुंडलिक भोकरे. मुंडगाव ते शेगाव वारी करायचा. पोथी वाचणाऱ्यांना त्याची गोष्ट ठाऊक आहे, दुसरीकडे गुरू करायला निघाला होता आणि महाराजांनी स्वप्नात येऊन थांबवलं, पुढे पादुका दिल्या. त्या पादुकांचं दर्शन आजही मुंडगावला होतं. महाराज शेगावात प्रकटले २३ फेब्रुवारी १८७८ ला आणि समाधी ८ सप्टेंबर १९१०. त्या नंतरच्या पिढीत आमच्या भागात जे पुंडलिक जन्मले, त्यांत काही चंद्रभागेच्या पुंडलिकावरून असतील आणि काही सरळ मुंडगावच्या. आमच्या आजीला विचारलं असतं तर तिने दुसराच सांगितला असता.

धापेवाडेकर
शेगाववाला यांच्या पहिल्या वाक्याचा निषेध. बाकी प्रतिसाद आवडला.

दस्तऐवज
कमळ-वाघ-वीट सगळं झालं, आता कागदाचं ऐका, कारण नाव ठेवणाऱ्याला पुढे तेच भोगावं लागतं.

माझ्या वडिलांचं नाव सातबाऱ्यावर 'पुंडलिक', बँकेच्या पासबुकावर 'पुंडलिकराव', आणि आधारवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये डी नंतरचा ए गळालेला. माणूस एकच. ते गेल्यावर वारस नोंद करायला गेलो तर एका कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, यातले तुमचे वडील कोणते? मग प्रतिज्ञापत्र, गावातल्या दोघांच्या सह्या, पुन्हा चकरा. विदर्भात 'राव' हे नावाचं शेपूट कोणी लावलं आणि कोणी सोडलं याचा हिशोब मागे पोरांना द्यावा लागतो. पुंडलिकमध्ये तर लिक ऱ्हस्व की लीक दीर्घ हाही घोळ. अभंगात 'पुंडलीक' दिसतं, गोव्याकडेही तसंच लिहितात. आपल्याकडे ऱ्हस्व जास्त.

तेव्हा ठेवायचं तर खुशाल ठेवा, पण पहिल्या दिवसापासून मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग कागदावर लिहून ठेवा, आणि जन्मदाखला, आधार, शाळा तिन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच. राव लावायचा नाही. तो म्हातारपणी लोक आपणहून लावतात.

खोडकिडा
राव वरून आठवलं, जानराव हे नाव पुंडलिकाच्या बापाच्या जानुदेव वरून तर नसेल?

शब्दखोड
खोडकिडा, एका धाग्यात एकच पुरे. :)

पूर्णाकाठ
सर्वांचे आभार. घरात दोन संध्याकाळी हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. वाघ म्हटल्यावर पुतण्या एकदम बाजूने झाला. आईला (म्हणजे बाळाच्या पणजीला) कालिदासापेक्षा मुंडगाव जवळचं वाटलं. सूनबाईने बरंच ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, पाळण्यातलं नाव पुंडलिक चालेल, कागदावर पुष्कर. 'पू' पण जुळला, पोरांना चिडवायलाही काही नाही, आणि म्हणे हे कमळबिमळ नाही, आपलं साधं सरळ नाव.

शब्दखोड
सूनबाईंना हे सांगू नका, पण पुष्कर म्हणजेही कमळच. शिवाय पाणी. आणि हत्तीच्या सोंडेचं टोक. अमरकोशात सगळं आहे.

ताडोबा बफर
म्हंजे हत्ती सुटत नाही अन् कमयही सुटत नाही. फक्त आमचा वाघ गेला.

पूर्णाकाठ
आधीच सांगून बसलो. आता घरात पुन्हा चर्चा सुरू. बारसं तोंडावर आलंय आणि ग्रामपंचायतीत जन्मनोंदीचा फॉर्म तसाच पडलाय.

दस्तऐवज
त्यासाठी अडू नका. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करून टाका, नावाचा रकाना रिकामा ठेवला तरी चालतो. नाव वर्षभरात भरलं तर शुल्क नाही, त्यानंतर थोडं विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. फक्त एकदा घातलं की बदलायला त्रास. तेव्हा आधी घरातलं भांडण मिटवा, मग रकाना भरा.

सोयाबीन तूर
पंधरा वर्सं हायेत म्हंजे पोट्टं सोताच सांगन काय ठेवाचं ते. तवरक पुंडयीक म्हना.